पंचाहत्तर रिकाम्या चौकटी

"पुन्हा एकदा मोजा हो ताई," मॅडम म्हणाल्या. "इतकं बरोब्बर सहसा येत नाही."

मला अस्सा राग आला! एकतीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बसून आकडे मोजते आहे. रोज सकाळी कोणत्या वॉर्डात किती माणसं आली, किती बरी होऊन गेली आणि किती तशीच गेली, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. मला सगळे 'आकडेताई' म्हणतात, मोठे साहेबसुद्धा. आणि या बाईंना इथे येऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोवर त्या मला पुन्हा मोजायला सांगतात! पण त्या संख्याशास्त्र शिकलेल्या, खास या पाहणीसाठी बोलावलेल्या. शिवाय वागायला सरळ होत्या, हे कबूल करायला हवं. मी तोंड बंद ठेवून पुन्हा मोजलं.

टेबलावर चार गठ्ठे होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर पंचिंग मशीन, एकावर शाईची बाटली, एकावर माझा डबा आणि चौथ्यावर रक्तदाब मोजायचं एक बंद पडलेलं यंत्र. हॉस्पिटलातल्या चारशे कर्मचाऱ्यांना एकेक कागद वाटला होता. नाव लिहायचं नव्हतं. प्रश्न दोनच. तुमची पगाराची श्रेणी कोणती, खालची की वरची? आणि गेल्या महिनाभरात सतत ताण जाणवला का, हो की नाही? प्रत्येक उत्तरापुढे एक छोटी चौकट, तिच्यात खूण करायची, झालं.

"खालची श्रेणी, ताण आहे, शंभर," मी म्हटलं. "खालची श्रेणी, ताण नाही, दीडशे. वरची श्रेणी, ताण आहे, साठ. वरची, ताण नाही, नव्वद. झाले चारशे. आता तिसऱ्यांदा मोजू की डबा उघडू?"

मॅडम हसल्या. त्यांनी कागदावर दोन रेघा मारून चार खण केले आणि माझे चार आकडे त्यांत बसवले. मग मला जवळ बोलावलं. असं मला कधी कोणी बोलावलेलं नव्हतं. आकडे घेऊन जातात, त्यांचं पुढे काय होतं ते सांगायला कोण येणार!

"हे बघा ताई. या चारशेंतून मी डोळे मिटून एक कागद उचलला, तर तो ताणवाला निघायची शक्यता किती?"

"एकशे साठ भागिले चारशे. शेकडा चाळीस."

"आता मी डोळे न उघडता तुम्हाला कानात सांगितलं, की हा कागद खालच्या श्रेणीतला आहे. मग वरच्यांचा विचार सोडायचा. फक्त त्या अडीचशेंत बघायचं. मग शक्यता किती?"

"शंभर भागिले अडीचशे." मी मनातच भागलं. "चाळीसच की."

"आणि वरच्या श्रेणीतला आहे असं सांगितलं तर?"

"साठ भागिले दीडशे. अगंबाई, तेही चाळीस!"

"म्हणजे पगार कळला काय आणि न कळला काय, ताणाचा अंदाज हलत नाही. हलला असता, तर आपण म्हटलं असतं की ताणाचा पगाराशी संबंध आहे. हा जागचा हलत नाही. तेव्हा या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला वाटलं होतं वेगळं. पण आकडे असं म्हणतायत."

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. चाळीस, चाळीस, चाळीस. असा हिशेब आयुष्यात एखाद्याच वेळी जुळतो. मी कौतुकाने त्या चार खणांकडे बघत राहिले. आणि मग मला धाकटा आठवला.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. पन्नाशीला आला तरी माझ्या तोंडी धाकटाच. तो याच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर आहे. दोन जाडजूड गरम रोलर. त्यांच्यात एका बाजूने ओलसर चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर येते ती ओढून घडी घालायची. काम दोघांचं. त्याचा जोडीदार दोन वर्षांमागे निवृत्त झाला आणि ती जागा भरलीच नाही. तेव्हापासून धाकटा चादर घालतो, पळत मशीनला वळसा घालून पलीकडे जातो, ओढतो, घडी घालतो, पुन्हा पळत अलीकडे येतो. दिवसाला नऊशे चादरी.

गेले आठ महिने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भावजय सांगायची, "वन्सं, हे नुसते पडून असतात हो. हाक मारली की लगेच ओ देतात. झोपलेलं माणूस असं ओ देतं का?" दिवसा विचारावं तर म्हणे, काही नाही. जेवताना घास हातात धरून बसायचा. मूळचा बडबड्या माणूस, माझी नक्कल करून भावजयीला हसवणारा, तो दोन-दोन दिवस बोलेनासा झाला.

हॉस्पिटलने त्या वर्षी खालच्या श्रेणीसाठी 'विसावा रजा' म्हणून एक गोष्ट काढली होती. वर्षातून पंधरा दिवस, भरपगारी, तुकडीतुकडीने. एक तुकडी जाऊन आली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून धाकट्याची तुकडी. पण वरच्या मंडळींपैकी कोणीतरी बैठकीत म्हणालं, फक्त यांनाच का? ताण काय आम्हाला नाही? म्हणून ही पाहणी. ताणाचा पगाराशी संबंध दिसला तर रजा चालू ठेवायची, नाही दिसला तर बंद. धाकट्याने महिनाभरात माझ्याकडे स्वतःहून काढलेला विषय तेवढा एकच. "ताई, होईल ना गं ती रजा?" मी म्हणायची, "अरे होणार म्हणजे काय! मीच तर मोजणार आहे. धुलाईखान्यात कोणाला ताण नाही ते तरी दाखव मला."

आणि आता ते चाळीस माझ्यासमोर होते.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली. मी बाहेर बाकावर बसले होते, काही लागलं तर असावी म्हणून. अर्ध्या तासात दार उघडलं. मोठे साहेब बाहेर येऊन म्हणाले, "वा आकडेताई, काम एकदम चोख. वादाला जागाच ठेवली नाहीत." एरवी मी आठवडाभर हे वाक्य मिरवलं असतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा धाकटा खाटेच्या कडेला बसून घरच्या चादरीची घडी घालत होता. कोपऱ्याला कोपरा, कडेला कड. दिवसभर तेच करून आलेला माणूस घरी येऊनही तेच करायचा. सुरकुती त्याला बघवत नसे. भावजय आत चहा टाकत होती. मी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. अशी गोष्ट घोळवत ठेवणं मला जमत नाही.

"रजा बंद झाली रे."

"बरं," तो म्हणाला, आणि घडीवरून हात फिरवला.

"बरं काय बरं! अरे, आकडेच तसे आले. जितका ताण वरच्यांना, तितकाच खालच्यांना. दीडशे जणांनी सांगितलं, आम्हाला ताण नाही म्हणून. तुमच्या धुलाईखान्यातले शहाणे, दुसरं काय! तोंड उघडायची वेळ आली की सगळे मुके." माझा राग असा नेमका भलत्याच माणसावर निघतो. "तू तरी 'हो' वर खूण केलीस ना?"

त्याने चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. भावजय कप घेऊन दारात उभी राहिली.

"नाही केली," तो म्हणाला.

"म्हणजे? तू 'नाही' म्हणालास?" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाही गं. 'नाही' वर पण नाही केली. मुकादम समोरच उभा होता. कागद वाटताना म्हणाला, ज्यांना ताण आहे त्यांनी खुशाल लिहा, पण ताणवाल्या माणसाला मशीनवर ठेवता येत नाही, झाडू मारायला पाठवावं लागेल. मशीनचा भत्ता गेला तर घर कसं चालायचं? म्हणून 'हो' लिहिता येईना. आणि 'नाही' लिहायला हात होईना. खोटं कसं लिहू? मग सोडली तशीच. रिकामी."

"आणि बाकीचे?"

"बऱ्याच जणांनी तसंच केलं. मीच म्हटलं त्यांना." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "म्हटलं, रिकामं सोडा. मोजायला माझी ताई आहे. तिला कळेल."

आई गेली तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याचा अभ्यास मीच घ्यायची. गणितात कच्चा, येत नसलं की मनाला येईल तो आकडा ठोकून द्यायचा आणि माझ्या हातचा मार खायचा. शेवटी एक दिवस त्याला जवळ घेऊन मी सांगितलं होतं, "हे बघ, येत नसेल तर उगाच ठोकून देऊ नकोस. जागा रिकामी सोड. मला कळेल." आणि मला कळायचंही. वही उघडली की रिकामी जागा आधी दिसायची. तिथे बोट ठेवून मी म्हणायची, हां, इथे अडलं का आमचं घोडं? आणि मग आम्ही दोघं तिथून पुढे सोडवायचो.

हे मी साफ विसरले होते. तो विसरला नव्हता.

मी चहा घेतला नाही. खुर्चीत बसून राहिले. कारण त्या कागदांतल्या रिकाम्या चौकटींचं मी काय केलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्याची गोष्ट अशी. नोकरीच्या सुरुवातीला वॉर्डांचे रोजचे तक्ते यायचे तेव्हा त्यांत हमखास चौकटी रिकाम्या असायच्या. मी रोज जिने चढून विचारायला जायची, सिस्टर, इथे काय लिहू? उत्तर ठरलेलं. "अहो, कोणी आलंच नाही, म्हणून लिहिलं नाही." चार मजले, नऊ वॉर्ड. गुडघ्यांची वाट लागली. मग मीच एक नियम करून घेतला आणि तो सगळीकडे फिरवला: रिकामी चौकट म्हणजे शून्य. सगळ्या सिस्टर खूश, मी खूश, तेव्हाचे साहेबही खूश. त्यांनी तो टाइप करून नियमांच्या फायलीत लावला, खाली माझी सही घेऊन. कारकुनाच्या सहीने झालेला या हॉस्पिटलातला तो एकमेव नियम. मला त्याचा फार अभिमान.

पाहणीचे कागद वेगळे करताना रिकामी चौकट दिसली की माझा हात आपोआप 'नाही'च्या गठ्ठ्याकडे जात होता. मी थांबलेसुद्धा नव्हते. मॅडमना मी नुसते आकडे सांगितले आणि त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी कपाट उघडलं. खालच्या श्रेणीचा 'नाही'चा गठ्ठा टेबलावर घेतला आणि एकेक कागद उलटायला लागले. पहिला, खूण आहे. दुसरा, रिकामा. तिसरा, रिकामा. चौथ्याच्या 'हो'च्या चौकटीत पेन्सिलीचा एक ठिपका होता, टेकवून उचलल्यासारखा. दीडशेंत पंचाहत्तर रिकामे निघाले. निम्मे. मग वरच्यांचा नव्वदांचा गठ्ठा बघितला. एकही रिकामा नव्हता. त्यांनी आपापल्या टेबलाशी बसून, चहा पीत लिहिलं होतं. त्यांच्या डोक्यावर कोणी मुकादम नव्हता.

धाकट्याचा कागद कोणता ते मला ओळखता आलं नाही. एकात श्रेणीच्या चौकटीतली खूण फार नीट, कोपऱ्याला कोपरा लावल्यासारखी होती. तो असेल. नसेलही. मी तोच सगळ्यांत वर ठेवला.

मॅडम आल्या तेव्हा मी पाचवा गठ्ठा करून बसले होते. सगळं सांगितलं. नियम, गुडघे, मुकादम, सगळं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"चूक माझी आहे ताई. रिकाम्यांचं काय केलंत, हे मी विचारायला हवं होतं. पहिला प्रश्न तोच असतो."

"अहो, मोजलं मी!"

"मोजलंत तुम्ही, पण मी विश्वासाने घेतलं." त्यांनी तो चार खणांचा कागद उलटला आणि मागच्या बाजूला नव्याने रेघा मारल्या. "पंचाहत्तर बाजूला ठेवू. उत्तर दिलंय अशांपुरतंच बोलू. खालच्या श्रेणीत उरले एकशे पंचाहत्तर, त्यांत शंभर ताणवाले."

"शेकडा सत्तावन्न," मी म्हटलं.

"सगळे मिळून तीनशे पंचवीस. त्यांत एकशे साठ. म्हणजे एकोणपन्नास. आता कागद खालच्या श्रेणीतला आहे असं कानात सांगितलं की अंदाज एकोणपन्नासवरून सत्तावन्नवर जातो. वरचा आहे म्हटलं की चाळीसवर येतो. हलला ना?"

"हलला."

"आणि त्या पंचाहत्तरांना बोलायची भीती नसती, आणि सगळे 'हो' म्हणाले असते, तर अडीचशेंत पावणेदोनशे."

"सत्तर," मी म्हटलं.

आम्ही दोघी मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नवे आकडे पाहिले. मग उठून कपाटातून नियमांची फाईल काढली आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. कागद पिवळा पडला होता. सही मात्र ठसठशीत, तरुणपणची.

"आकडेताई, हा नियम कोणाचा?"

"माझा."

"तीसएक वर्षं या नियमावर आपण माणसं मोजली. आज तुम्ही म्हणता तो चुकीचा."

"तो वॉर्डातले पेशंट मोजायला होता साहेब. माणसाला प्रश्न विचारायला नव्हता."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला पटतंय. पण ठराव झालाय, सह्या झाल्यात. मी एकट्याने फिरवू शकत नाही. पुढची बैठक तीन महिन्यांनी. मॅडम, तुम्ही टिपण लिहून द्या. मी स्वतः समोर ठेवतो."

"तोवर रजा?"

"तोवर ठरावाप्रमाणे."

मी काही कमी बोलले नाही. बोलायला मी कोणाच्या बापाला भीत नाही. पण साहेब नुसते मान हलवत राहिले, आणि भिंतीशी किती वेळ भांडणार! मॅडमनी त्याच दिवशी टिपण लिहिलं, दोन पानी. खाली स्वतःची सही केली. माझी मागितली, तेव्हा मीही केली.

घरी येऊन धाकट्याला सांगितलं. तीन महिने थांब रे बाबा, आकडा आता खरा झालाय.

"बघू की," तो म्हणाला. "तीन महिने काय, असे जातात." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "साहेबांच्या खोलीपर्यंत जिने चढलीस ना? गुडघे धरले असतील." आणि कोनाड्यातली मलमाची डबी आणून माझ्यापुढे ठेवली.

मला वाटलं होतं चिडेल, बोलेल, निदान एकदा म्हणेल, ताई, तुला कसं कळलं नाही? म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. भावजयीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

एक तारीख आली. ज्या दिवशी तो घरी पाय पसरून बसायचा होता, त्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामाला गेला. दोन तारखेला गेला. तीन, चार. मी रोज मनातल्या मनात म्हणायची, आज रजेचा पाचवा दिवस असता, आज सहावा. सातव्या दिवशी भावजय म्हणाली, आज हे दाढी करताकरता उभ्या उभ्या पेंगले हो. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू, आपल्याच हॉस्पिटलात तर आहोत. रविवारी नेऊ.

नऊ तारखेला, जेवणाच्या सुट्टीआधी, धुलाईखान्याचा मुकादम तळमजल्यावर माझ्या दारात येऊन उभा राहिला. हा माणूस कधी माझ्याकडे फिरकत नसे. डोक्यावरची टोपी त्याने हातात घेतली होती.

"आकडेताई, जरा वर चला."

"कोणता हात?" मी विचारलं. तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

"उजवा," तो म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. "चादर घालताना डोळा लागला असेल हो. उभ्या उभ्या. मी पलीकडे होतो. बटण दाबेपर्यंत..."

चार बोटं गेली. अंगठा राहिला. सर्जन बाई ओळखीच्या होत्या. त्यांनी तीन तास खपून जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. त्यांनी मला बाहेर येऊन सगळं नीट सांगितलं आणि मी सगळं ऐकलं. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं. नऊ तारीख. रजेचा नववा दिवस. आज तो घरी असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा भावजय वॉर्डाच्या बाकावरून म्हणाली, "वन्सं, आज तरी नका जाऊ." पण धाकटा औषधाच्या गुंगीत होता, आणि नुसतं बसून त्या पांढऱ्या गाठोड्यासारख्या हाताकडे बघणं मला सहन होईना. मी तळमजल्यावर गेले. खोली उघडली. टेबलावर पाचवा गठ्ठा तसाच होता, वर माझ्या कालच्या डब्याचं वजन.

आठ वाजता वॉर्डांचे तक्ते आले. एक, दोन, तीन, सगळे भरलेले. मी रोजच्यासारखी वहीत उतरवत गेले. सात नंबरच्या वॉर्डाचा तक्ता घेतला. 'काल नव्याने दाखल' यापुढची चौकट रिकामी होती.

माझा हात आपोआप गेला. वहीवर पेन टेकलं, शून्याची अर्धी गोलाई काढलीसुद्धा.

आणि हात तिथेच थांबला. सात नंबर म्हणजे धाकट्याचा वॉर्ड.

मी वही आणि सगळे तक्ते घेऊन उठले. लिफ्ट फक्त खाटा न्यायला, म्हणून जिन्याने निघाले. पहिल्या मजल्यावर श्वास लागला, दुसऱ्यावर गुडघा कडकन वाजला. एका आयाने विचारलं, "आकडेताई, तक्ते घेऊन तुम्ही वर?" मी हात हलवला. तिसऱ्या मजल्यावर सात नंबरच्या टेबलाशी सिस्टर सुया मोजत होत्या. मी त्यांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवून रिकाम्या चौकटीवर बोट टेकवलं.

"सिस्टर, इथे काय?"

त्यांनी वाकून पाहिलं. "अगंबाई, राहिलंच. काल गडबडच इतकी होती." मग नवलाने माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण रिकामी म्हणजे शून्य ना ताई? तुमचाच तर नियम."

"काल कोणी आलं होतं का?"

सिस्टरनी हातातली सुई खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एक. तुमचाच भाऊ ना तो?"

"लिहा मग," मी म्हटलं. त्यांनी तक्त्यात आकडा लिहिला. मी वहीतली अर्धी गोलाई खोडली आणि शेजारी एक लिहिला.

खिडकीजवळच्या खाटेवर धाकटा उताणा पडला होता. तोंड थोडं उघडं, छाती सावकाश वरखाली होत होती. भावजय डोळे पुसत बाकावरून उठली. "वन्सं," ती कुजबुजली, "झोप लागली हो त्यांना. हाक मारली तरी ओ देत नाहीत."

मी खाटेपाशी जरा वेळ उभी राहिले. पायाकडची चादर चुरगळली होती, ती सरळ केली. त्याला जाग आली नाही.

मग हातातले बाकीचे तक्ते चाळले. नऊ नंबरच्या वॉर्डाचीही एक चौकट रिकामी होती. नऊ नंबर चौथ्या मजल्यावर. मी कठड्याला धरून जिना चढायला लागले.